सेंट क्रॉयवरचा तो एक हिवाळा: फ्रेंच वसाहत का उठली आणि मागे काय राहिले

तुमचे प्रश्न असे आहेत. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या सेंट क्रॉय बेटावर फ्रेंचांनी १६०४ मध्ये केलेली वसाहत ही त्यांची उत्तर अमेरिकेतली पहिली वसाहत होती का? ती वर्षभरात का उठली? आज तिथे काय आहे? शिवाय, आपल्याकडे सिंधुदुर्ग आणि जंजिरा पाण्यात उभे राहून शतके टिकले, मग यांनाच बेट का भोवले?

मी पुरातत्त्वात मानवी हाडांचा अभ्यास करतो. स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार शिकवताना सेंट क्रॉय टाळताच येत नाही. एकाच घटनेचा डोळ्यांनी पाहणाऱ्याने लिहिलेला वृत्तान्त, त्यानेच काढलेला वस्तीचा नकाशा आणि ती माणसे पुरलेल्या कबरी, या तिन्ही गोष्टी एकत्र हाती लागणे आमच्या कामात फार दुर्मिळ. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'पहिली' या दाव्याबद्दल. तो तसा खरा नाही. झाक कार्तिए आणि रोबेर्वाल यांनी १५४१ ते १५४३ या काळात आजच्या क्वेबेक शहराजवळ वसाहतीचा प्रयत्न केला होता. १५६२ मध्ये आजच्या साउथ कॅरोलायनात आणि १५६४ मध्ये फ्लोरिडात फ्रेंच प्रोटेस्टंटांनी किल्ले बांधले. १५९८ मध्ये सेबल नावाच्या वाळूच्या बेटावर माणसे नेऊन सोडली गेली, त्यातले ११ जण १६०३ मध्ये जिवंत परत आणले. १६०० मध्ये सेंट लॉरेन्स नदीवर तादुसाक येथे काही माणसे हिवाळाभर ठेवली. त्यातले थोडेच जगले, आणि तेही स्थानिक लोकांनी आसरा दिला म्हणून. सेंट क्रॉयचे महत्त्व वेगळे आहे. इथून जी साखळी सुरू झाली ती पुन्हा कायमची तुटली नाही. इथली माणसे आजच्या नोव्हा स्कोशियातल्या पोर्ट रॉयलला गेली, त्याच मंडळींनी १६०८ मध्ये क्वेबेक वसवले. अकादियाचा, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या फ्रेंच मुलखाचा, आणि कॅनडातल्या फ्रेंच वस्तीचा धागा मागे नेत गेलात तर तो या बेटापाशी येतो.

या मोहिमेचा प्रमुख पिएर द्युगा, म्हणजे द मों. हा फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रोयाँ गावाकडचा प्रोटेस्टंट सरदार. राजा चौथा हेन्री याने नोव्हेंबर १६०३ मध्ये त्याला ४० ते ४६ अक्षांशांमधल्या प्रदेशाचा कारभार आणि १० वर्षांसाठी केसाळ कातड्यांच्या व्यापाराचा मक्ता दिला. बदल्यात त्याने तिथे वसाहत करायची होती. राजाला तिजोरीतून पैसा द्यायचा नव्हता, तो बीव्हरच्या कातड्यांतून उभा राहायचा होता. त्याच्यासोबत साम्युएल द शांप्लेन होता. पुढे 'क्वेबेकचा संस्थापक' म्हणून गाजलेला हा माणूस या वेळी नकाशे काढायला आणि किनारा पाहायला आलेला होता. पूत्रँकूर नावाचा सरदार होता. कॅथलिक पाद्री होते आणि प्रोटेस्टंट धर्मोपदेशकही होता. सुतार, लोहार, गवंडी होते, स्विस शिपाई होते. बायका आणि मुले एकही नव्हती.

१६०४ च्या जूनअखेरीस ते फंडीच्या आखातातून आत शिरले आणि एका रुंद नदीच्या मधोमध त्यांना हे बेट दिसले. आज त्याचे क्षेत्रफळ साधारण साडेसहा एकर आहे. शांप्लेनने बेट का निवडले ते स्पष्ट लिहून ठेवले आहे. चहूबाजूंनी पाणी, चढायला अवघड कडा, जहाजांना नांगर टाकायला चांगली जागा, विटा करायला माती, आणि दोन्ही काठांच्या लोकांशी व्यापार करायला सोयीचे ठिकाण. त्यांनी आधी दक्षिणेकडच्या लहानशा खडकावर तोफा चढवल्या आणि मग घरे बांधायला घेतली. मला हा क्रम फार बोलका वाटतो. त्यांच्या डोळ्यांपुढे संकट होते ते माणसांचे. कुणी इंग्रज किंवा पोर्तुगीज जहाज येईल, कातड्यांचा चोरटा व्यापारी येईल, किंवा किनाऱ्यावरचे लोक उलटतील, ही भीती. त्या सगळ्याला बेट हे अगदी योग्य उत्तर होते.

वर्षभरात त्यांच्यावर एकदाही हल्ला झाला नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांनी भराभर काम केले. द मोंच्या घराचे लाकूडकाम फ्रान्समधून आणलेले होते. कोठार बांधले, खाली तळघर काढले. भटारखाना, स्वयंपाकघर, लोहारशाळा, पहारेकऱ्यांची खोली, विहीर हे सगळे शांप्लेनच्या नकाशात अक्षरे घालून दाखवले आहे. बेटावर बागा लावल्या, पण जमीन रेताड होती, उन्हाने रोपे करपली. पलीकडच्या किनाऱ्यावर पेरलेला गहू मात्र छान आला. डासांनी तोंडे इतकी सुजली की काहींना डोळे उघडेनात. सप्टेंबरात शांप्लेन एका लहान होडीतून दक्षिणेला गेला आणि वाटेत एका डोंगराळ बेटाला त्याने उघड्या माथ्यांवरून 'माँ देझेर' हे नाव दिले. पूत्रँकूर फ्रान्सला परतला. बेटावर ७९ माणसे उरली.

आता हवामानाचा मुद्दा. ही माणसे अडाणी होती, म्हणून फसली, असे पुष्कळदा लिहिले जाते. मला ते पटत नाही. बेट सुमारे ४५ अक्षांशावर आहे. द मोंचे रोयाँ जवळजवळ त्याच अक्षांशावर येते, बोर्दोही तिथेच, जिथे द्राक्षे पिकतात. सूर्याची उंची तीच, दिवसाची लांबी तीच, तर हिवाळाही तसाच असणार, हा अंदाज त्या काळच्या ज्ञानात बसणारा होता. द मों १६०० मध्ये तादुसाकला जाऊन आला होता, तिथली हवा त्याला सोसवली नव्हती, म्हणून तर तो मुद्दाम दक्षिणेला उतरला होता. युरोपचा पश्चिम किनारा समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांनी उबदार राहतो, तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळी वारे गोठलेल्या भूखंडावरून येतात आणि उत्तरेकडून थंड प्रवाह उतरतो, हे गणित तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. त्यात तो काळ लघु हिमयुगाचा, आजच्यापेक्षा गार. शांप्लेनने नंतर लिहिले की या देशात हिवाळा काढल्याशिवाय हा देश कळणे अवघड आहे, कारण उन्हाळ्यात आलेल्याला रान, मासे, जमीन सगळे मनोहर दिसते. सहा महिने इथे हिवाळाच असतो, हेही त्याने नोंदवले.

पहिला बर्फ ६ ऑक्टोबरला पडला. ३ डिसेंबरला नदीतून बर्फाच्या लाद्या वाहताना दिसल्या. आणि इथून पुढे बेटाचे सगळे गुण उलटे फिरले.

नदी सलग गोठली असती तर ते चालत किनाऱ्यावर गेले असते. ती मोकळी राहिली असती तर होडीने गेले असते. पण इथे भरती-ओहोटीचा फरक प्रचंड. शांप्लेन तीन वाव सांगतो, म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास. दिवसातून दोनदा वर आणि दोनदा खाली जाणाऱ्या त्या पाण्यात बर्फाच्या मोठमोठ्या लाद्या एकमेकींवर आदळत होत्या. त्यात होडी घालणे म्हणजे मरण. सरपण पलीकडे राहिले. बेटावरची झाडे बांधकामात बरीच गेलेली होती. बेटावर झरा किंवा ओढा नव्हता, म्हणून ते खराब पाणी आणि वितळवलेला बर्फ पीत राहिले. गहू हातजात्यावर दळायचा, तर रात्री थंडीने झोप नाही आणि दिवसा अंगात बळ नाही. सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, इतकी गोठली की ती वजनावर कापून वाटली. स्पेनची वाइन तेवढी गोठली नाही. तीन-चार फूट बर्फ एप्रिलच्या अखेरीपर्यंत राहिला.

इथेच तुमच्या सिंधुदुर्गाच्या प्रश्नाचे उत्तर येते. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि मालवणचा किनारा वर्षाचे बहुतेक महिने होडीच्या अंतरावर असतो. पावसाळ्यात समुद्र खवळतो तेव्हाही ज्याची तहान असते ते पाणी आत असतेच. जलदुर्ग तटावर जगतो तसा मागच्या किनाऱ्यावरही जगतो. सेंट क्रॉयला तट होता, पण किनारा नेमका गरजेच्या महिन्यांत तुटला.

मग रोग आला. शांप्लेन त्याला 'जमिनीचा आजार' म्हणतो, आपण स्कर्व्ही म्हणतो. त्याचे वर्णन मी विद्यार्थ्यांना जसेच्या तसे वाचायला लावतो, कारण वैद्यकीय नोंद म्हणून ते उत्तम आहे. हिरड्यांवर सडके मांस इतके वाढले की पातळ पदार्थाशिवाय काही गिळता येईना. दात हलू लागले आणि बोटांनी ओढले तरी न दुखता बाहेर येऊ लागले. मग हातापायांत तीव्र वेदना, पाय सुजून कडक झालेले, त्यांवर पिसवा चावल्यासारखे डाग. चालता येईना, उठता येईना, धाप लागायची, खोकला यायचा. ७९ पैकी ३५ जण मेले आणि आणखी २० हून अधिक मरणाच्या दारात होते. शल्यवैद्य बरोबर होते, पण त्यांच्याकडे औषध नव्हते आणि तेही याच आजाराने आडवे झाले.

आज कारण सरळ सांगता येते. क जीवनसत्त्वाशिवाय शरीर नीट कोलॅजन तयार करू शकत नाही. कोलॅजन म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंती, हिरड्या, हाडे, जुन्या जखमांचे व्रण या सगळ्यांना धरून ठेवणारा धागा. माणसाचे शरीर हे जीवनसत्त्व स्वतः बनवत नाही. त्यामुळे ते खाण्यातून बंद झाले की काही महिन्यांत लहान रक्तवाहिन्या फुटायला लागतात. बेटावरचे खाणे म्हणजे खारवलेले मांस, भाकर, वाळवलेल्या शेंगा. पोट भरत होते, साठा संपला नव्हता, आणि तरीही माणसे मरत होती. उपासमारीने मेले, असे जे सांगितले जाते ते चूक आहे.

द मोंने प्रेते उघडून पाहायला लावली. शांप्लेन सांगतो की फुप्फुसे कोरडी पडली होती, प्लीहा पाण्याने फुगलेली होती, मुख्य शिरेत काळे घट्ट रक्त साकळले होते. मेलेल्यांच्या मांड्यांवर वस्तऱ्याने छेद दिले तेव्हा आत काळ्या रक्ताच्या गाठी निघाल्या. शेजारची माणसे मरत असताना, स्वतःच्या हिरड्या सडत असताना, त्यांनी कारण शोधण्याचा हा प्रयत्न केला. ही गोष्ट मला त्यांच्या किल्ल्यापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

हळहळ वाटावी अशी एक बाब इथे सांगायला हवी. १५३५-३६ च्या हिवाळ्यात कार्तिएची माणसेही क्वेबेकजवळ अशीच मरू लागली होती. तिथल्या लोकांनी त्यांना 'अनेद्दा' नावाच्या सदाहरित झाडाची पाने आणि साल उकळून प्यायला दिली आणि उरलेली माणसे काही दिवसांत उभी राहिली. म्हणजे औषध सापडलेले होते, छापून आलेलेही होते. पण ज्या गावाने ते दिले ते गाव शांप्लेन १६०३ मध्ये तिथे गेला तेव्हा उरलेले नव्हते. ते झाड नेमके कोणते हे फ्रेंचांना पुन्हा ओळखता आले नाही. नाव कागदावर राहिले आणि बोट दाखवून 'हे' म्हणणारा माणूस नाहीसा झाला. सेंट क्रॉयच्या दोन्ही काठांवर सदाहरित झाडांची रानेच्या राने होती.

आणि माणसेही होती. हा पॅसामाक्वॉडी लोकांचा प्रदेश, ते आजही तिथे आहेत. त्यांच्या दृष्टीने तो हिवाळा हा नेहमीचा हिवाळा होता. शांप्लेनने त्यांचे वर्णन केले आहे. पायाला रुंद जाळीदार चपला बांधून ते खोल बर्फावरून चालत, मूस या प्रचंड हरणाची शिकार करत, शिकार मिळाली नाही तर किनाऱ्यावरच्या शिंपल्यांवर भागवत. ताज्या मांसात, विशेषतः यकृतासारख्या अवयवांत, क जीवनसत्त्व असते. ते फार न शिजवता खाल्ले तर स्कर्व्ही होत नाही. मार्चमध्ये वाट थोडी मोकळी झाली तेव्हा ते शिकार घेऊन आले आणि बदल्यात भाकर घेऊन गेले. त्यानंतर वसंत आला आणि जे उरले होते ते सावरू लागले. ज्यांच्यापासून बचाव व्हावा म्हणूनही हे बेट निवडले होते, त्यांच्याकडचे मांस हेच इथले औषध होते आणि सगळा हिवाळा ते पाण्यापलीकडे होते. या वसाहतीच्या अपयशाचे माझ्या मते खरे कारण हे आहे. थंडी आणि रोग यांनी माणसे मारली, पण त्या दोघांवरचा इलाज तोडून टाकला तो जागेच्या निवडीने.

पण याला एक मर्यादा आहे, नाहीतर मी विषय फार सोपा केला असे होईल. १५ जून १६०५ ला ग्राव्हे द्यु पों हा मोहिमेतला व्यापारी कप्तान ताजी माणसे आणि सामान घेऊन आला. द मों केप कॉडपर्यंत किनारा पाहून आला, मनासारखी जागा मिळाली नाही, म्हणून ऑगस्टमध्ये घरे उतरवून, लाकूड जहाजांत भरून सगळे फंडीच्या आखातापलीकडे, आजच्या नोव्हा स्कोशियातल्या पोर्ट रॉयलला गेले. ती जागा डोंगरांच्या आड होती, पाणी आणि लाकूड हाताशी होते, आणि शेजारी मिक्माक लोकांशी चांगले संबंध जुळले. तरीही पुढच्या हिवाळ्यात ४५ पैकी १२ जण स्कर्व्हीने गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात ७ गेले. त्या वर्षी शांप्लेनने पाळीपाळीने एकेकाने शिकार आणून सगळ्यांना जेवू घालायचा प्रघात सुरू केला होता. १६०८ मध्ये क्वेबेकला मात्र २८ पैकी २० जण मेले. म्हणजे बेट सोडले आणि रोग संपला, असे झाले नाही. ताजे अन्न जिथे जितके मिळाले तिथे तितकी माणसे वाचली, एवढे या आकड्यांतून दिसते, आणि सेंट क्रॉयवर ते मिळण्याची वाटच बंद होती.

धर्माचे भांडण या वसाहतीला नडले का, असेही काही जण विचारतात. पाद्री आणि प्रोटेस्टंट उपदेशक वाद घालता घालता हातघाईवर येत, हे शांप्लेननेच लिहिले आहे. पुढे सागार नावाच्या धर्मबंधूने एक गोष्ट नोंदवली: दोघेही एकाच सुमारास मेले तेव्हा खलाशांनी त्यांना एकाच खड्ड्यात पुरले, निदान मेल्यावर तरी गुण्यागोविंदाने राहतात का ते पाहायला. गोष्ट अनेक वर्षांनंतरची आहे, तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. वसाहत उठण्याशी तिचा संबंध मला दिसत नाही.

बेटावर उरलेल्या इमारती १६१३ मध्ये इंग्रज कप्तान सॅम्युएल आर्गलने जाळल्या. तो व्हर्जिनियाहून फ्रेंच ठाणी उद्ध्वस्त करत आला होता आणि त्याच फेरीत त्याने पोर्ट रॉयलही जाळले. त्यानंतर बेट रानाखाली गेले.

आणि मग पावणेदोनशे वर्षांनी या फसलेल्या वसाहतीने एक मोठे काम केले. १७८३ च्या पॅरिस तहात अमेरिका आणि ब्रिटिश मुलूख यांच्यामधली सीमा 'सेंट क्रॉय नदी' अशी ठरली. पण ती नदी कोणती? तिथल्या लोकांच्या बोलण्यात त्या नावाची नदीच नव्हती. अमेरिकेचे म्हणणे, पूर्वेकडची मॅगाग्वाडाविक. ब्रिटिशांचे म्हणणे, पश्चिमेकडची स्कूडिक. मधला सगळा मुलूख कुणाचा हे यावर अवलंबून होते. १७९४ मध्ये दोन्ही देशांत झालेल्या 'जे' नावाच्या करारानुसार तीन आयुक्त नेमले गेले: ब्रिटिशांतर्फे थॉमस बार्कले, अमेरिकेतर्फे डेव्हिड हॉवेल आणि दोघांच्या संमतीने एग्बर्ट बेन्सन.

साक्षीपुरावे सुरू झाले, म्हाताऱ्या माणसांना जुनी नावे विचारली गेली, त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळेनात. शेवटी उपयोगी पडला तो शांप्लेनचा १६१३ मध्ये छापलेला वृत्तान्त आणि त्यातला बेटाचा नकाशा. १७९७ मध्ये सेंट अँड्र्यूज गावचा व्यापारी रॉबर्ट पेगन नकाशाची प्रत घेऊन स्कूडिक नदीतल्या बेटावर उतरला. जिथे कोठार आणि घरे दाखवली होती तिथे उत्तरेच्या टोकाला मातीत बसवलेल्या दगडांच्या रांगा निघाल्या. त्यांवर मोठी झाडे वाढलेली होती, म्हणजे बांधकाम जुने होते. जुन्या भांड्यांचे तुकडे आणि लोखंडी वस्तूही मिळाल्या. ऑक्टोबर १७९८ मध्ये आयुक्तांनी निकाल दिला की स्कूडिक हीच सेंट क्रॉय. उगम कुठला धरायचा यावर वेगळी तडजोड झाली, पण नदीचा प्रश्न त्या पायाच्या दगडांनी मिटवला. मला हे उदाहरण विशेष प्रिय आहे. जमिनीखालचा पुरावा नकाशाशी पडताळून दोन देशांची सीमा ठरवणे, तेही शास्त्र म्हणून पुरातत्त्व जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. बेट स्वतः नदीतल्या सीमारेषेच्या अमेरिकन बाजूला आले.

हाडांची कहाणी याच्या बरीच नंतरची. बेटाच्या दक्षिण टोकाला कबरी आहेत हे स्थानिकांना माहीत होते, कारण कडा ढासळली की हाडे दिसत. 'बोन आयलंड' हे त्याचे एक जुने नाव त्यातूनच आले. १९६९ मध्ये टेम्पल विद्यापीठाच्या जेकब ग्रुबर यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेसाठी तिथे उत्खनन केले आणि २३ कबरी उघडल्या. हाडे अभ्यासासाठी बाहेर नेली गेली आणि बरीच वर्षे बाहेरच राहिली. शेवटी २००३ मध्ये ती पुन्हा मूळ जागी पुरण्याचे ठरले. त्या वेळी थॉमस क्रिस्ट आणि मार्सेला सॉर्ग यांच्या पथकाने त्यांची नव्याने तपासणी केली.

हाडांवर स्कर्व्ही ओळखणे वाटते तितके सोपे नसते. रोग मुख्यतः मऊ भागांचा आहे. माणूस लवकर मेला तर हाडावर काही उमटतच नाही. हाडाला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. रक्तस्राव झाला की त्याच्यावरच्या पातळ आवरणाखाली नवे खरबरीत हाड धरू लागते आणि पृष्ठभागावर बारीक बारीक छिद्रे पडतात. विद्यार्थ्याच्या हाती कवटी देताना मी आधी टाळू, म्हणजे तोंडाचे छत, पाहायला सांगतो, मग कानशिलाजवळचे हाड, मग डोळ्यांच्या खोबणी आणि शेवटी नडगी. सेंट क्रॉयच्या हाडांवर, विशेषतः टाळूच्या भागात, स्कर्व्हीशी जुळणारे बदल सापडले. ज्या तोंडात 'सडके मांस' वाढल्याचे शांप्लेन लिहितो, त्याच तोंडाच्या छताने चारशे वर्षांनी त्याला दुजोरा दिला. प्रौढांमधल्या स्कर्व्हीची जगभरातली जुनी उदाहरणे कमी आहेत, आणि रोग कोणता, वर्ष कोणते, हे आधीच लेखी माहीत असलेली त्याहून कमी. म्हणून आता इतर ठिकाणची संशयास्पद हाडे ताडून पाहताना या बेटाचा आधार घेता येतो.

त्यातली एक कवटी वेगळी आहे. तिचा वरचा भाग करवतीने गोल कापून काढलेला आहे. हे शवविच्छेदन, आणि युरोपीय वसाहतकाळातल्या उत्तर अमेरिकेतला त्याचा हा सर्वांत जुना प्रत्यक्ष पुरावा मानतात. शांप्लेनच्या मजकुरात प्लीहा, यकृत, फुप्फुसे येतात. डोकेही उघडून पाहिले होते हे ही कवटी सांगते. कापलेला भाग पुन्हा जागेवर बसवून त्या माणसाला पुरले होते.

आता 'आज काय आहे' याबद्दल. १९व्या शतकात बेटावर दीपगृह बांधले होते, ते १९७६ मध्ये जळाले. अमेरिकेच्या काँग्रेसने १९४९ मध्ये बेटाला राष्ट्रीय स्मारक करण्याची परवानगी दिली आणि १९८४ मध्ये त्याला 'आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ' असा दर्जा मिळाला. हा दर्जा असलेले अमेरिकन उद्यान सेवेतले हे एकमेव ठिकाण आहे, कॅनडाची उद्यान संस्थाही त्यात सहभागी आहे. बेटावर उतरू नये अशी विनंती केलेली असते आणि ती योग्यच आहे. जमीन नाजूक आहे, कडा झिजत आहेत आणि माणसे अजून तिथेच पुरलेली आहेत. बेट पाहायचे ते किनाऱ्यावरून. अमेरिकेच्या बाजूने मेन राज्यातल्या कॅलस गावाजवळ रेड बीच येथे पायवाट आहे, वाटेवर फ्रेंच आणि पॅसामाक्वॉडी माणसांचे कांस्यपुतळे उभे केले आहेत. कॅनडाच्या बाजूने न्यू ब्रन्सविकमधल्या बेसाइडहून ते दिसते.

कुणी उन्हाळ्यात बॉस्टनहून तिकडे मोटारीने जाणार असेल तर एक सुचवतो. भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहून ठेवा आणि दोन्ही वेळांना किनाऱ्यावर थांबा. सोबत शांप्लेनच्या नकाशाची छापील प्रत ठेवा, ती सहज मिळते. दक्षिणेकडचा तोफांचा खडक, उत्तरेकडची घरांची जागा, मधले पाणी हे सगळे नकाशावर बोट ठेवून ओळखता येते. पाणी पाच-सहा मीटर चढताना पाहिले की त्यात बर्फाच्या लाद्या कशा फिरत असतील आणि एवढा जवळचा काठ चार महिने का गाठता आला नाही, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.